मदत हवी आहे : सी४ कमी, पण सी१ इनहिबिटरची पातळी ठीक, पुढची तपासणी इंदुरात कशी करावी?

सप्रेम नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला (वय २६) दीड वर्षापासून ओठ, पापण्या आणि हातांवर अधूनमधून सूज येते. अंगावर गांधी उठत नाहीत, खाज नसते, आणि सूज दोन-तीन दिवस टिकते. मागच्या खेपेला तर बोटातली अंगठी कापून काढावी लागली. ॲलर्जीच्या गोळ्या व स्टेरॉइड यांचा काहीच उपयोग झाला नाही. ती रक्तदाबाची किंवा गर्भनिरोधक गोळी घेत नाही. मावशीलाही असाच त्रास होता.

रक्तातले सी४ (प्रतिकारशक्तीचे एक प्रथिन) दोनदा कमी आले, सी१ इनहिबिटर (अशी सूज आटोक्यात ठेवणारे प्रथिन) याची पातळी मात्र सामान्य आहे. आनुवंशिक अँजिओएडीमा (घराण्यातून येणारा, वारंवार सूज आणणारा आजार) याच्या दुसऱ्या प्रकारात सी१ इनहिबिटर पुरेसे असूनही काम करत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या कार्यक्षमतेची तपासणी सांगितली आहे. ती करून पाहिली, परंतु सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतले रक्त प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा न करता साध्या बर्फाच्या डब्यातून बाहेरगावी गेले, त्यामुळे त्या अहवालावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

प्लाझ्मा लगेच वेगळा करून गोठवूनच पाठवणारी प्रयोगशाळा इंदुरात कोणाच्या माहितीत आहे का? आणि घराण्यात त्रास असताना, आजार नंतर जडलेला नाही हे ठरवण्यासाठी सी१क्यू या आणखी एका प्रथिनाची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी का?