देवळाला देणगी दिली तर फायदा नक्की कोणाचा? गावाचा की देणाऱ्याचा?

शेतकार:
रविवारी देवस्थानच्या महाजनांच्या (देवळाचा कारभार बघणाऱ्यांच्या) बैठकीत मोठा वाद झाला म्हणून इथे विचारतो. आमचा गाव गोव्यात, डिचोली तालुक्यात. देवळाची अग्रशाळा (भाविकांना उतरायची जागा) नवीन बांधायचीय, लोहखनिजाच्या एका खाणवाल्याने निम्मा खर्च देतो म्हणून सांगितलं, अट एकच, दारावर त्याच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी. बहुतेक सगळे खुश, मी एकटा विरोधात. आमच्या मळ्यात कुदळ मारा, खाणीचा वीतभर लाल गाळ निघतो, मग कुठे जुनी माती लागते. बाबा सरद (पावसाळी भात) आणि वायंगण (पावसानंतरचं भात) दोन्ही करायचे, आता वायंगण बंदच, कारण फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसतो. खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की पंप लावून पाणी उपसत राहतात, मग आजूबाजूच्या विहिरी आटणारच ना? आमचं जे गेलं त्यातलंच थोडं परत येतंय, त्याला देणगी का म्हणायचं?

ट्रकवालो:
तुझ्या शेताचं वाईट वाटतं रे, पण तू एकच बाजू लिहिलीस. माझे दोन ट्रक होते, खाणीवरून धक्क्यावर माल न्यायचा, तिथून तो बार्जमधून, म्हणजे नदीतल्या मालवाहू बोटीतून, पुढे जायचा. सप्टेंबर २०१२ ला खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात आणि बँकेचे हप्ते मात्र चालू. मग कुठे जरा सुरू झालं तर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. एक ट्रक मिळेल त्या भावात विकला, दुसऱ्याचे टायर उन्हाने तडकले. गॅरेजवाला गेला, नाक्यावरचं चहाचं हॉटेल गेलं, पोदेर, म्हणजे पाववालासुद्धा आमच्या वाड्यावर कमी पाव घेऊन यायला लागला. माझ्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण त्याच ट्रिपांवर झालं. आणि भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणवालेच होते ना, १९६३ ला गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव शाळा काढल्या, माझी आई त्यामुळेच शिकली.

डिचोलीची टीचर:
भाऊसाहेबांचं काम मोठंच, पण त्या शाळा सरकारी पैशातून झाल्या, म्हणजे तो लोकांचा हक्क होता, ती देणगी नव्हे. मी ज्या शाळेत शिकवायचे तिथे बेंच देणगीचे, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव. ट्रक चालू होते तेव्हा मुलं प्रार्थनेआधी ओल्या फडक्याने ते बेंच पुसायची आणि फडकं लालभडक व्हायचं, पहिलीतली पोरं खोकत बसायची, ते अजून डोळ्यासमोर आहे. आणि बऱ्याच ठिकाणी जे 'दिलं' म्हणून सांगतात ते कायद्यानेच द्यायचं असतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर, घालावे लागतात. खाणग्रस्त भागासाठी २०१५ पासून जिल्हा खनिज फंड वेगळा आहे. शिवाय २०१४ ला सुप्रीम कोर्टाने खनिज विक्रीच्या पैशातले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या फंडात ठेवायला लावले. तुमच्या गावाने जिल्हा खनिज फंडासाठी कधी अर्ज केलाय का? अग्रशाळेपेक्षा आधी ते बघा.

फोंड्याचा दुकानदार:
सगळ्या देणाऱ्यांना एका मापाने मोजू नका हो. आमचं किराणा दुकान. लॉकडाऊनमध्ये बाबांनी चाळीतल्या घरांना तांदूळ-डाळ दिली आणि उधारीच्या वहीतली ती पानं नंतर स्वतःच फाडून टाकली. त्यातली बरीच माणसं आजही मॉल सोडून आमच्याकडे येतात, म्हणजे बाबांचाही फायदा झालाच. म्हणून ती मदत खोटी होती का? देणाऱ्याला काही मिळालं की त्याचं देणं वाया गेलं असं मी तरी मानत नाही.

शेतकार:
तुमच्या बाबांनी तांदळाच्या पिशवीवर नाव छापलं नव्हतं, आणि चाळीचं पाणीही त्यांनी आटवलं नव्हतं.

ट्रकवालो:
पाटीने कोणाचं काय बिघडतं पण? आपल्याकडे देवळात पायरी-पायरीवर नावं असतात.

शेतकार:
बिघडतं. दोन वर्षांमागे गाळाची तक्रार घेऊन आम्ही सात शेतकरी सह्या जमवत फिरत होतो, तर आमच्याच एका वडीलधाऱ्या माणसाने सही नाकारली. म्हणाले, जत्रेला एवढा खर्च करतो तो माणूस, त्याच्याविरुद्ध कागद कसा घालायचा? मला त्यांचा राग नाही आला, पण त्या दिवशी कळलं की जत्रेच्या पैशात त्याला काय मिळालं. तेव्हा तर पाटीपण नव्हती. अर्ज शेवटी गेलाच नाही.

ट्रकवालो:
ही सहीची गोष्ट आधी का नाही लिहिलीस? हे चुकलंच. तरी धंदा परत चालू व्हायलाच पाहिजे हे माझं मत कायम, आता लिलाव होऊन काही खाणी सुरू झाल्यात तर माझ्यासारख्यांना काम मिळू दे. पण मळ्यातला गाळ काढून देण्याचं आधी लेखी घ्या, पैसे कुठल्या फंडातून येतात ते टीचरबाईंना विचार, अग्रशाळेचं नंतर बघू. अर्ज परत लिही. माझं शेत नाही, पण गावात राहतो, आठवी सही माझी घे.