टी. रेक्स फक्त मढी खायचा?

हात इवलेसे आणि वास घेण्याची ताकद जबर, म्हणून टी. रेक्स हा प्रचंड मांसाहारी डायनोसॉर शिकार करत नव्हता, मेलेल्यावरच जगायचा, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. हाडांवर नुसते दातांचे व्रण असतील तर प्राणी जिवंत असताना चावला की मेल्यावर, हे सांगता येत नाही, इथपर्यंत ठीक. पण अमेरिकेत साउथ डकोटामधल्या हेल क्रीकच्या खडकांत एका बदकचोच्या डायनोसॉरच्या शेपटीचे दोन मणके सापडले, त्यांवरचा शोधनिबंध 2013 मध्ये आला. त्या मणक्यांत टी. रेक्सचा तुटलेला दात रुतून बसलाय. दाताच्या कडेवरच्या बारीक करवतीसारख्या दात्यांवरून मालक ओळखला गेला.

खरी गंमत दाताभोवती आहे. तिथे नवं हाड वाढलंय, इतकं की दोन्ही मणके एकमेकांना जुळून गेलेत. मढ्याची जखम भरत नाही! म्हणजे तो प्राणी चावा बसला तेव्हा जिवंत होता, निसटला आणि पुढेही बराच काळ जगला. आयतं मढं मिळालं तर टी. रेक्सने सोडलं नसणारच, सिंहही सोडत नाही. पण जिवंत जनावराच्या शेपटीला तो भिडला होता, हे त्या दाताने दाखवलंय.