बूट संध्याकाळी घालून बघा

कामावरचे सेफ्टी बूट हलके घेतले की पाय दुखणार नाहीत, असं बरेच जण म्हणतात. वजनाचा मुद्दा खरा आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. मी दिवसभर काँक्रीटवर उभा राहून फॅब्रिकेशनचं काम करतो. माझे पाय वजनाने नाही, चुकीच्या मापाने दुखायचे.

दिवसभरात पाय थोडा सुजतोच. म्हणून बूट संध्याकाळी आणि कामावरचेच जाड मोजे घालून बघा. टाच घट्ट बसली पाहिजे, पुढे बोटं मोकळी हलली पाहिजेत. स्टील टो, म्हणजे बोटांवर आतून पोलादी टोपी असेल तर उकिडवं बसून बघाच. आतल्या टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतत असेल तर तो जोड दुकानातच ठेवा. चामडं वापरून सैल होतं, पोलाद होत नाही.

बुटावर आयएसओ २०३४५ (सेफ्टी बुटांचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेलं असेल तर टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. खिळे-पत्र्यांत वावर असेल तर एस३ वर्गाचे बूट घ्या, त्यात तळाला खिळा अडवणारा थर असतो.

वेल्टला (बुटाच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीला) शिवलेला सोल झिजल्यावर बदलता येतो. पीयू (पॉलीयुरेथेन) सोल मात्र नुसता पडून राहिला तरी दमटपणाने भुगा होऊन गळतो, त्यामुळे जुना माल स्वस्तात मिळाला तरी उत्पादनाची तारीख आधी वाचा. आणि भिजलेले बूट हीटरसमोर ठेवू नका, चामडं तडकतं. कागद कोंबून सावलीत वाळवा. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा.