वाडा घराण्याचा, संग्रहालय गावाचे: हे जमणार कसे?

गोदातीर
जुन्या नाशकातील घराण्यांचे वाडे सरकारने ताब्यात घेऊन तेथे स्थानिक इतिहासाची संग्रहालये करावीत, आणि वाडा बिल्डरला देणारे मालक शहराचा इतिहास विकतात, असे काल येथे ‘पंचवटीकर’ यांनी लिहिले. या दुसऱ्या वाक्यासाठी हे उत्तर. आमचा दोनचौकी वाडा होता. सप्टेंबर २००८ च्या पुरात गोदावरीचे पाणी सराफ बाजारात शिरले, तेव्हा ते आमच्या माजघरातही आले. दगडी जोते टिकले, पण वरच्या पांढऱ्या मातीच्या भिंती तळापासून फुगल्या आणि पुढच्या पावसाळ्यांत एकेक खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, बसत गेला. वाडा धोकादायक असल्याची नोटीस आली, मात्र तुळईला टेकू देण्यासाठी कोणीही इतिहासप्रेमी आला नाही. सागवानी खांब बदलायचा खर्च पेलत नाही, म्हणून माणसे वाडा सोडतात. त्यांना इतिहास विकणारे म्हणणे अन्यायाचे आहे.

पंचवटीकर
आपले दुःख मला कळते, परंतु त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. एका कुटुंबाला जे पेलत नाही, ते सार्वजनिक निधीतून व्हावे, एवढेच मी म्हणतो. सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि भगूरला सावरकरांचे जन्मघर स्मारक म्हणून जपलेले आहे, तेही एका कुटुंबाचेच घर होते.

गोदातीर
सरकारवाडा हा पेशव्यांचा वाडा आणि भगूरचे ते २८ मे १८८३ रोजी जन्मलेल्या क्रांतिकारकाचे घर. मोठे नाव असले की निधी मिळतो. सावकारी किंवा कुळकर्ण करणाऱ्या सामान्य घराण्याच्या वाड्यासाठी कोणी कौलेही बदलून देणार नाही.

तांबटआळी
मालकांचे दुःख दोन्ही बाजूंनी मांडून झाले. आम्ही एका वाड्याच्या मागच्या चौकातील भाड्याच्या दोन खणांत तीन पिढ्या काढल्या. छत गळत असे, मालक दुरुस्ती करत नसत, आणि आम्ही स्वखर्चाने पत्रे टाकले तर त्यावरून भांडण होई. असे वाडे संग्रहालय झाले, की झोपाळा, पगडी आणि पूर्वजांच्या तसबिरी मांडल्या जातील. आमच्या भाडेपावत्या, आळीतील ठोक्याचे हातोडे आणि ऐरणी कोठे ठेवणार?

गोदातीर
दुरुस्ती कशातून करायची होती? १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली, आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, तीही त्या गोठलेल्या रकमेवर. आलेल्या भाड्यात एका खोलीचा चुनाही झाला नसता. आपण स्वस्तात राहिलात आणि आता आम्हालाच जाब विचारता.

तांबटआळी
स्वस्तात राहिलो, हे पुन्हा लिहू नका. आई सामाईक नळासाठी पहाटे उठत असे आणि तिच्या हंड्याचा क्रमांक मालकीणबाईंच्या मर्जीवर ठरत असे. कायद्याने आम्हाला छप्पर दिले, ते आपल्या कृपेने मिळाले नव्हते.

पंचवटीकर
भाडेकरू आणि मालक यांचा हा वाद आपण येथे थांबवावा. मूळ विषय संग्रहालयाचा आहे.

रविवारपेठ
तो थांबवू नये, कारण संग्रहालयाचा खरा विषय तोच आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद होते, हे सर्वांना पाठ आहे. वाड्यांच्या देवडीपुढे कोणाला जाऊ देत नसत, हे कोणी लिहीत नाही. माझी आजी एका वाड्यात सरपण पोहोचवत असे आणि परसदारातून आत येऊन परसदारातूनच परत जात असे. पुढचा दिंडी दरवाजा तिने आतून कधी पाहिला नाही. उद्या तिकीट काढून मी त्यातून आत गेले आणि तिथे फक्त घराण्याची वंशावळ टांगलेली दिसली, तर तो माझ्या गावाचा इतिहास नव्हे.

पंचवटीकर
आपला मुद्दा योग्य आहे, तरी त्यासाठी आधी वाडा उभा राहायला हवा. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह शासनाला दिला. वस्तू सामान्य माणसांच्या असू शकतात, हे त्यातून दिसते.

तांबटआळी
वस्तू आमच्या आणि पाटीवर नाव मालकांचे, असे होणार नसेल तर बोलू.

गोदातीर
मला हे लिहिणे जड जाते, पण परसदाराविषयी वाचल्यावर उत्तर सुचत नाही; आमच्याही वाड्याला ते होते. मागच्या चौकात भाडेपावत्या लावायला माझी हरकत नाही. मात्र त्यांच्या शेजारी दुरुस्तीची बिलेही लागली पाहिजेत, आणि ती अट मी सोडणार नाही.

तांबटआळी
बिले लावा. त्यांत आम्ही टाकलेल्या पत्र्यांचेही बिल असेल.