तिहाईला एंडिंगचा कंस नको

गोदाकाठ (मूळ पोस्ट)

नाशिकच्या पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेसारख्या कार्यक्रमासाठी बंदिश स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत) उतरवताना, व्हायोलिन-कीबोर्डवाल्यांची सोय म्हणून, एक प्रकार हमखास होतो. तीनतालातली (१६ मात्रा) स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग; मुखडा, म्हणजे समेवर (पहिल्या मात्रेवर) नेणारा सुरुवातीचा तुकडा, १२व्या मात्रेपासून; तीन आवर्तनं झाली की चौथ्यांदा तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं. आणि हे सगळं रिपीट बारमध्ये (पुन्हा वाजवायच्या खुणांमध्ये) घालून वर ‘१–३’ आणि ‘४’ असे एंडिंगचे कंस, म्हणजे कितव्या फेरीला कोणता शेवट घ्यायचा ते सांगणारे. माझं मत : कंस काढून टाका.

मात्रा मोजा. मुखडा पाच मात्रांचा, सम धरून सहा. बेदम (मध्ये न थांबणारी) तिहाई म्हणजे सहा त्रिक अठरा. शेवटची मात्रा समेवर हवी, तर पहिला मुखडा आधीच्या आवर्तनाच्या १६व्या मात्रेवर उचलावा लागतो, दुसरा ६वर, तिसरा १२वर. म्हणजे नेहमीचा मुखडा आणि तिहाई यांत समान काय? १२ ते १५, फक्त चार मात्रा. चार मात्रा वाचवायला दोन कंस, आणि चार-चार मात्रांचे बार असतील तर एकच विभाग १५ आणि १६च्या मध्ये चिरायचा. पान वाचणाऱ्याची दया करा.

त्यापेक्षा पूर्ण १६ मात्रा रिपीटमध्ये ठेवा, वर ‘३ वेळा’ लिहा आणि शेवटची फेरी १२व्या मात्रेपासून सरळ लिहून काढा : ४ + १८ = २२ मात्रा.

मात्रामोजणी

हिशेब बरोबर, पण रिपीट बारही १२व्या मात्रेपासूनच सुरू होणार ना? म्हणजे तिसऱ्या विभागाचा शेवटचा ठोका. चिरणं काही टळलं नाही.

म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला एका मात्रेचा बार, मेझर प्रॉपर्टीजमध्ये त्याला बारच्या मोजणीतून वगळायचं, मग ४, ४, ४, आणि शेवटचा बार तीन मात्रांचा : १ + ४ + ४ + ४ + ३ = १६. शेवटचा बार चारचाच राहिला आणि रिकाम्या जागी रेस्ट (विराम) पडला, तर आवर्तन १७ मात्रांचं होतं. तिसरी फेरी सुरू होईपर्यंत ठेका दोन मात्रा सरकलेला असतो आणि दोष तबलजीच्या माथी येतो.

सिडकोचा कॉर्नेट

गोदाकाठ, तुमचा नियम एका बंदिशीपुरता ठीक आहे, सरसकट नको. अभंग घ्या. कडवी चार; १ल्या आणि ३ऱ्या कडव्याचा शेवट सारखा, २ऱ्याचा वेगळा, ४थ्यानंतर ध्रुपदाकडे न वळता संपवायचं. तिथे ‘१, ३’, ‘२’, ‘४’ हे तीन कंसच योग्य. सगळं लिहून काढलं तर बँडवाल्याच्या हातात चार पानं येतात, आणि मिरवणुकीत वाजवता वाजवता पान कोण उलटणार?

प्लेबॅक (सॉफ्टवेअर वाजवून दाखवतं तो) चुकतो तो कंसामुळे नाही, अर्धवट भरलेल्या माहितीमुळे. म्यूझस्कोरमध्ये कंसावरचा मजकूर ही नुसती छपाई. ‘२.’ खोडून ‘शेवटी’ लिहिलं तरी तो वाजवतो त्या कंसाच्या रिपीट लिस्टमध्ये जे आकडे आहेत तेच. शिवाय रिपीट बारचा प्ले काउंट (एकूण किती वेळा वाजवायचं तो आकडा) वेगळ्या जागी आहे. दोन्ही जुळले नाहीत तर फेऱ्या चुकतात.

गोदाकाठ

अभंगाचं मान्य, दादा. पण आपल्याकडे ‘किती वेळा’ हे आधी ठरलेलंच नसतं. गायक हात करेपर्यंत स्थायी चालू. छापताना ‘इशाऱ्यापर्यंत’ लिहिता येतं, प्लेबॅकला मात्र आकडाच लागतो. म्हणून सरावाचा ऑडिओ काढायची फाइल वेगळी, छपाईची वेगळी.

लिलीपाँडवाले

दोन फाइली हा तर सगळ्यात वाईट उपाय. एकीत कोमल गंधार दुरुस्त होतो, दुसरीत शुद्धच राहतो. लिलीपाँडमध्ये (तिथे संगीत कोड म्हणून लिहितात) संगीत एकदाच व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या तुकड्यात, लिहा आणि दोन स्कोर ब्लॉक करा. एक छपाईचा; दुसरा मिडीचा (संगणकाने वाजवायच्या फाइलचा), त्यात तेच व्हेरिएबल अनफोल्डरिपीट्स या आज्ञेत गुंडाळायचं. तेवढं विसरलात तर मिडीत रिपीट उलगडत नाही, एकदाच वाजतो. कंसाच्या आत शिरणाऱ्या लांब स्वरासाठी रिपीटटाय (स्वर जोडणारी कमान) आहे, पण तो कागदावरचा. मिडीत स्वर पुन्हा आघाताने येतो.

मात्रामोजणी

कोड लिहिणारे पाच जण सापडले तर सांगा. सिबेलियस या सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅकचे रिपीट मॅन्युअल करून बारांची यादी देता येते, ‘१-५, १-५, १-५, ६-१२’ अशी. पानावर काय छापलंय त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. इशाऱ्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

सिडकोचा कॉर्नेट

आणि मध्ये एक बार वाढवला की यादी हातानेच सुधारायची, हेही सांगून टाका.

आणखी एक. अंतऱ्यानंतर (बंदिशीच्या दुसऱ्या भागानंतर) स्थायीवर परत यायला डी.एस. (‘खुणेपासून पुन्हा’) लावलीत, तर म्यूझस्कोर परतल्यावर रिपीट घेत नाही. त्या जंपच्या गुणधर्मांत ‘प्ले रिपीट्स’वर खूण करावी लागते. मूळ पोस्टमधल्या कंसांच्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर अंतरा संपताच थेट तिहाई वाजते.

गोदाकाठ

म्हणजे माझ्याच बाजूचा मुद्दा झाला हा! तिहाई रिपीटच्या बाहेर लिहिलेली असेल तर तिथे ‘फीने’ची (इथे संपवा) किंवा कोडाची (शेवटच्या भागाकडे उडी) खूण करता येते.

सिडकोचा कॉर्नेट

कोडाच. तिहाई अंतऱ्याच्याही पुढे छापायची असेल तर ‘फीने’ मध्येच पडेल. आणि कोडाची उडी १५व्या मात्रेनंतर घ्यायची, समेवरून नाही. नाहीतर पहिला मुखडा एका मात्रेने उशिरा उचलला जाईल.