सोलापुरात राहून पाण्याखालचा दम कसा वाढवायचा? मदत हवी आहे

कडकभाकरी:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर अंदमानला फ्रीडायव्हिंगचा बेसिक कोर्स करायचं चाललंय, म्हणजे सिलिंडर न लावता एका दमात खाली जाऊन यायचं, आणि पुढं जमलं तर स्पिअरफिशिंगपण, म्हणजे पाण्याखाली भाल्यानं मासे मारायला, शिकायचंय. पोहायला येतं, मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलो आहे त्यामुळं पाण्याची भीती नाही, पण कोर्समध्ये पाण्यावर पालथं पडून दोन मिनिटं श्वास रोखावा लागतो म्हणे आणि माझं घरी गादीवर सव्वा मिनिटातच पोट आतल्या आत हिसके द्यायला लागतं. हे हिसके म्हणजे ऑक्सिजन संपला का?

दुसरं, मोहोळकडचा चुलतभाऊ विहिरीत सूर मारायच्या आधी भस्त्रिकेसारखे जोरजोरात वीस-पंचवीस श्वास घेतो आणि खरंच लई वेळ खाली राहतो, तळाची माती मुठीत घेऊन वर येतो. मलापण तसंच कर म्हणतो. करावं का?

तिसरं, इथं टँकवर जरा खाली बसलं की गार्ड शिट्टी मारतो. मग प्रॅक्टिस करायची कुठं, उजनीत जाऊ का? समुद्र इथनं लांब आहे हो.

पाणकावळा:
आधी भावाला फोन करा आणि ते थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळं नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळं. भराभर श्वास घेतले की तो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पण ऑक्सिजन काही फारसा वाढत नाही कारण धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. म्हणजे भावाचा दम वाढलेला नाही, फक्त धोक्याची घंटा काढून ठेवलीय. ऑक्सिजन आपल्या गतीनं संपतच असतो, आणि मग कसलीही घुसमट न होता माणूस बेशुद्ध पडतो, हात मारत नाही, ओरडत नाही, काठावरच्याला वाटतं अजून बुडीच मारलीय. पट्टीचे पोहणारेच यात जातात, नवशिका आधीच घाबरून वर येतो. भस्त्रिका सकाळी सतरंजीवर बसून करा, काही हरकत नाही, पाण्यात उतरायच्या आधी अजिबात नको.

हिसक्यांचं म्हणाल तर ते छातीखालच्या पडद्याचे असतात, तेही कार्बन डायऑक्साइडमुळंच येतात आणि नॉर्मल श्वास घेऊन दम धरला असेल तर तेव्हा ऑक्सिजन बऱ्यापैकी शिल्लक असतो. त्यांची सवय करायची. त्यासाठी गादीवर पडून, पोट रिकामं असताना, हे करा: तुमचं बेस्ट सव्वा मिनिट आहे ना, मग दम धरायचा फक्त चाळीस सेकंद, मग दोन मिनिटं आराम, पुन्हा चाळीस सेकंद, मग पावणेदोन मिनिटं आराम, असं दर वेळी आराम पंधरा सेकंदांनी कमी करत आणायचा. शेवटी शेवटी पोट उड्या मारेल, तेव्हा जबडा, खांदे, मांड्या सैल सोडायला शिका, खरा अभ्यास तोच. ताणलेला स्नायू ऑक्सिजन खातो. हे फक्त कोरड्यात. एकटं असताना पाण्यात नाही, बादलीत तोंड घालूनसुद्धा नाही, आणि गाडी चालवताना तर नाहीच (लोक करतात!).

आणि गार्ड शिट्टी मारतो ते बरोबर आहे मालक, त्याच्यावर चिडू नका. त्याला काय कळणार तुम्ही प्रॅक्टिस करताय का बुडताय. टँकवर दम न धरता नुसतं फिन्स (पायात घालायचे रबरी पंखे) लावून सावकाश पोहा, पाय कमरेतनं हलले पाहिजेत, गुडघ्यातनं सायकल नको.

भीमाकाठ:
उजनीत जाऊ नका. पाणी गढूळ, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत अशी जागा बरीच आहे, आणि आत मच्छीमारांची बारीक तंगूसची (नायलॉन दोऱ्याची) जाळी सोडलेली असतात, त्यात पाय अडकला की वरनं कुणाला दिसतपण नाही. भाल्यानं मासा मारायचा तर आधी मासा दिसायला पाहिजे की बे. शिवाय धरणातली मासेमारी ठेक्यावर, परवान्यावर चालते, उगीच वाद होतात. चिलापी खायची तर भिगवणला हॉटेलात खा.

कडकभाकरी:
धन्यवाद पाणकावळा, भावाला वाचून दाखवलं, तो म्हणतो विहीर आपली आहे, चार परसच पाणी आहे, त्यात काय होतंय.

पाणकावळा:
चार परस म्हणजे सात मीटर धरा. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, त्यामुळं खाली असताना फुफ्फुसातला ऑक्सिजनही दाबला जातो आणि रक्ताला पुरतो, सगळं मस्त वाटतं. वर येताना तोच दाब झपाट्यानं उतरतो आणि शेवटच्या काही मीटरात, कधी तर डोकं बाहेर काढल्यावरसुद्धा, माणसाची शुद्ध जाते. म्हणून वर आल्यावर फूss करून सगळा श्वास सोडायचा नाही, थोडा सोडून पटकन भरून घ्यायचा, असं तीन-चार वेळा, आणि जोडीदारानं निदान अर्धा मिनिट तोंडाकडं बघत राहायचं. बेशुद्ध पडलाच तर तोंड पाण्याच्या वर धरून मास्क काढायचा, डोळ्यांखाली फुंकर मारायची, गालावर थोपटायचं, नावानं हाक मारून श्वास घे म्हणायचं. तरी श्वास आला नाही तर तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा आणि बाहेर काढायचं. हे भावाला येतं का विचारा. येत नसेल तर तो काठावर बसलेला तुमचा जोडीदार नाही, नुसता प्रेक्षक आहे.

स्पिअरफिशिंगमध्ये एक खाली, एक वर, हा नियम मासा दिसला की सगळ्यात आधी मोडतो. मोठा मासा खडकात शिरला की अजून पाच सेकंद, अजून पाच सेकंद होतं. जेवढा वेळ खाली होता त्याच्या निदान दुप्पट वर आराम, आणि बुडी मारताना स्नॉर्कल (श्वास घ्यायची नळी) तोंडातनं काढायचा.

कान दोन-तीन मीटरवरच दुखायला लागतील, नाक धरून घशानं हवा ढकलायला आत्तापासून आरशासमोर शिका, सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही. कोर्सला जायच्या आधी छातीचा, दम्याचा किंवा फिट्सचा काही त्रास असेल तर डॉक्टरला दाखवून घ्या.

कडकभाकरी:
कानाचं विहिरीत नेहमी होतंय, मला वाटायचं पाणी गेलं. अजून एक, कंबरेला शिशाचा पट्टा लावतात तो इथंच घेऊ का?

पाणकावळा:
नको, तिथं भाड्यानं मिळतो आणि वजन माणूस बघून ठरतं. समुद्रासाठी लावलेलं वजन गोड्या पाण्यात जास्त होतं, खारं पाणी जास्त उचलतं. फिन्सपण तिथंच पायात घालून बघा, इथं मागवलेले टाचेला चावतात.