जीपीआर४० ॲगोनिस्ट: एचईकेमध्ये झकास, आयएनएस-१मध्ये मंद. उंदरांकडे जाण्याआधी काय तपासावं?

प्रश्न
फेनिलप्रोपॅनोइक ॲसिडच्या साच्यावरचं संयुग आहे, जीपीआर४०चं ॲगोनिस्ट, म्हणजे स्वादुपिंडाच्या इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींवरचा, फॅटी ॲसिड ओळखणारा हा रिसेप्टर चालू करणारं. मानवी रिसेप्टर घातलेल्या एचईके२९३ पेशींत (मानवी मूत्रपिंडापासूनच्या प्रयोगशाळेतल्या पेशी) कॅल्शियम मोजून ईसी५० (निम्मा परिणाम देणारी मात्रा) ३० नॅनोमोलर येतो. आयएनएस-१ (इन्सुलिन सोडणाऱ्या उंदीरवर्गीय) पेशींत मात्र इन्सुलिन जेमतेम वाढतं आणि दर खेपेला आकडे बदलतात. मधुमेहासाठी तोंडावाटे देण्याजोगं औषध हवंय.

प्रतिसाद १
आधी बफरमधलं अल्ब्युमिन बघा. साधं बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) फॅटी ॲसिड सोबत घेऊनच येतं, म्हणजे रिसेप्टर तुमच्या संयुगाआधीच चाळवलेला. फॅटी ॲसिड काढलेलं बीएसए वापरा आणि मात्रा-परिणामाचा कर्व्ह ० व ०.१ टक्का बीएसए अशा दोन्हींवर काढा. ही तेलकट आम्लं अल्ब्युमिनला घट्ट धरतात, त्यामुळे ईसी५० बराच सरकू शकतो. प्लास्टिकलाही चिकटतात, डायल्युशन डीएमएसओ या द्रावकातच करा, बफरमध्ये शेवटी एकदाच.

पेशी तासभर २.८ मिलिमोलर ग्लुकोजमध्ये ठेवा, मग २.८ आणि १६.७ दोन्हींत संयुग द्या. २.८ वरही इन्सुलिन वाढलं तर खूश होऊ नका. हा रिसेप्टर ग्लुकोज चढलेलं असतानाच नीट काम करतो, म्हणून पेशी फुटून गळताहेत का हे एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं एन्झाइम) मोजून बघा.

प्रतिसाद २
एचईकेमध्ये रिसेप्टर भरमसाट असतो, तिथे अर्धवट ॲगोनिस्टही पूर्ण दिसतो. रिसेप्टर कमी असलेला पेशींचा क्लोन घ्या आणि आयपी१ (जीक्यू मार्ग चालू झाल्यावर पेशीत साठणारा रेणू) मोजा. सीएएमपी (जीएस मार्गाचा संदेशवाहक) हाही बघा: काही पूर्ण ॲगोनिस्ट जीक्यूसोबत जीएसही चालवतात (दोन्ही रिसेप्टरचा संदेश पेशीत नेणारी प्रथिनं) आणि आतड्यातून जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं हार्मोन सोडवतात.

प्रश्नकर्ता
क्लोन बदलतो. यकृताची तपासणी नंतर केली तर चालेल?

प्रतिसाद ३
नाही, आत्ताच करा. ताकेदा कंपनीचं फासिग्लिफाम हे याच रिसेप्टरचं औषध साखर चांगली उतरवत होतं, तरी यकृताच्या धोक्यामुळे डिसेंबर २०१३मध्ये तिसऱ्या टप्प्यात थांबवलं. बीएसईपी (यकृतातून पित्तक्षार बाहेर टाकणारं प्रथिन) रोखलं जातं का ते मोजा. आयसी५० (ते निम्मं रोखणारी मात्रा) २५ मायक्रोमोलरच्या खाली आला तर साचा बदलायचा विचार करा. यकृतपेशींना ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज देऊन मायटोकॉन्ड्रियाही तपासा. लॉगपी (संयुगाचा तेलकटपणा) खाली आणलात तर डोस आणि हे दोन्ही धोके बहुधा एकत्रच उतरतात.

कार्बोक्सिलिक ॲसिड असल्यामुळे शरीरात त्याचं ॲसिल ग्लुक्युरोनाइड (यकृत साखरेसारखा रेणू जोडून बनवतं ते रूप) बहुधा होणारच. रक्त काढल्याबरोबर नळी बर्फात ठेवा आणि प्लाझ्मा लगेच आम्ल करा. नाहीतर ग्लुक्युरोनाइड तुटून मूळ संयुग परत तयार होतं, आणि रक्तातली पातळी आहे त्याहून जास्त दिसते.